अमर शेख गाणार असशील तर

नंदुरबार

चि. राहुल,


सुरतेजवळच्या उधन्यातल्या १ मेच्या कार्यक्रमात शाहीर अमर शेखांची गाणी गा, पण त्यांचं लाल बावट्याचं राजकारण मध्ये आणू नकोस, असं संयोजकांनी तुला सांगितलंय म्हणे. फोनवर तू विचारलंस, "आत्या, काय करू?" माझं म्हणणं, राजकारण गाळून त्यांना गाऊ नकोस.

बार्शीला १९१६ साली जन्मलेला मेहबूब हुसेन पटेल गिरणीत राबला, संपात उतरला, तुरुंगात गेला. त्या धगीतून अमर शेख घडले. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. पुढे मुंबई सरकारने पथकाच्या तमाशावर बंदी घातली, तरी ते गात राहिले. मत आधी होतं, म्हणून आवाजाला ती धार आली.

त्यांचं सगळंच तू पदरात घ्यावंस, असं मात्र नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी त्यांनी मैदानं गाजवली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, त्याच दिवशी गुजरातही, आणि सुरत गुजरातेत राहिली. आपली खानदेशी माणसं ताप्ती लाईनने तिकडे पोट भरायला गेली, तिथलीच झाली. तू तर जन्मलास तिथेच. राज्याच्या त्या लढ्याबद्दल तुला माझ्याइतकं भरून येत नसेल, तर उसनं अवसान आणू नकोस. शाहिराशी मतभेद असला म्हणून त्याचा अपमान होत नाही.

पण १ मे कामगार दिनही आहे. आपला दादा बारा बारा तास लूमवर उभा असतो. धागा तुटला की माग थांबतो. मजुरी मीटरवर, त्यामुळे थांबलेल्या मागाचा फटका त्यालाच. शेजारच्या मागावरच्या ओडिया माणसाचंही तेच. अमर शेख ज्यांच्यासाठी गायले ती हीच माणसं.

तेव्हा संयोजकांना आधीच स्पष्ट सांग: गाणार असेन तर अमर शेख कोण होते, कोणाच्या बाजूने होते, हेही सांगेन. कोणाला पटणार नाही, कोणी वाद घालेल. घालू दे, शांतपणे उत्तर दे. आणि ते चार शब्द हिंदीतही बोल, म्हणजे दादाच्या त्या जोडीदारालाही कळतील.

तुझी,
आत्या