आठवारी

एडिनबराच्या रॉयल माइलवर किल्टची दुकानं यात्रेतल्या पेढ्यांच्या दुकानांसारखी ओळीनं लागलेली आहेत. बरेचसे किल्ट ॲक्रिलिकचे, फोटोपुरते. पहिल्या वर्षी मी तसलाच एक घेतला होता. वाऱ्यात त्यानं जे केलं ते कौटुंबिक अंकात लिहिण्यासारखं नाही.

यंदा ऑफिसमधल्या मित्राचं लग्न ठरलं आणि मी खरा लोकरीचा शिवायला टाकला. शिवणाऱ्या बाईंनी मापं घेतली आणि म्हणाल्या, कापड आठ यार्ड लागेल. रात्री बेळगावला आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे नऊवारीला एकच वार कमी!" खरंच की, वार म्हणजे यार्डच. आणि एवढं कापड जातं कुठे? निऱ्यांतच, फक्त त्या मागे असतात. पुढचे दोन पदर सपाट. खालची कड दुमडून शिवत नाहीत, कापडाचा काठच खाली येतो.

अडलं ते टार्टनवर. मित्र म्हणाला, "आमच्या घराण्याचं घाल." कायद्यानं मनाई नाही. पण लग्नात त्याचे काका-मामा येणार, "कुणाचा रे तू?" विचारणार, आणि मी काय सांगणार?

मग ब्लॅक वॉच डोळ्यांत भरलं. गडद निळा, हिरवा, काळा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावात वाढलेल्याला पाइप बँड परका नसतो, त्यामुळे पलटणीचं टार्टन आपलंसं वाटलं. पण मित्राचा चेहरा जरा उतरला. कलोडनच्या लढाईनंतर १७४६ च्या कायद्यानं हायलँडच्या पुरुषांना हा पोशाख बंद झाला, तो १७८२ पर्यंत. सूट होती ती सरकारी फौजेला. आज ब्लॅक वॉच कुणीही घालतं, तोही नको म्हणाला नाही, तरी माझं मन मागे आलं.

गंमत म्हणजे 'अमक्या घराण्याचं अमकं टार्टन' हा काटेकोर हिशेबही फार जुना नाही. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, वॉल्टर स्कॉटनं त्या सोहळ्यात सगळ्यांना टार्टन नेसवलं, आणि हे वेड पसरलं.

बाईंनी शेवटी वेगळाच गठ्ठा काढला. घराण्यांची नव्हेत, प्रदेशांची टार्टन. त्यात आइल ऑफ स्काय होतं, १९९० च्या दशकातलं: डोंगरी हिरवा आणि हेदरच्या फुलांचा जांभळा. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन स्कायला गेलो होतो. तीन दिवस पाऊस, आणि चौथ्या दिवशी सकाळी डोंगर असाच जांभळा. आई गाडीतून उतरून नुसती उभी राहिली होती. मी गठ्ठ्यावर बोट ठेवलं. बाईंनी सोळा औंसांचं जड कापड सुचवलं, निऱ्या नीट पडतात म्हणून. पैशांचा आकडा बाबांना अजून सांगितलेला नाही.

किल्ट हातानं शिवतात, दोन महिने थांबलो. लग्नात मित्राचे आजोबा जवळ आले, चष्मा सारखा करून कापड न्याहाळलं आणि म्हणाले, "स्काय? कधी गेला होतास?"

मग आम्ही बराच वेळ पावसाबद्दल बोललो.