उलाळ

मोटार वाहन कायदा वाङ्मय म्हणून वाचण्याची पाळी आपल्यावर कधी येईल, असे मला स्वप्नातसुद्धा वाटले नव्हते. गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. ओव्या, अभंग, पंडितांची आर्या, नवकवींचा मुक्तछंद यांत माझे दिवस जातात. पण आमच्या घरात मी 'शिकलेला' म्हणून प्रसिद्ध आहे. आणि शिकलेल्या माणसाला छापील असे काहीही वाचता आले पाहिजे, अशी गावाकडच्या मंडळींची ठाम समजूत असते. सातबाराचा उतारा असो, बँकेची नोटीस असो की फवारणीच्या औषधाच्या डब्यातला कागद असो, तो माझ्यासाठी राखून ठेवलेला असतो. २०२४ च्या दिवाळीत आम्ही गावी गेलो, तेव्हा असेच काही कागद माझी वाट पाहत होते.

आमचे गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. थोरले बंधू अण्णा तिथे शेती पाहतात. कर्ज काढून त्यांनी एक ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या घेतल्या आहेत. हंगामात कारखान्याशी करार करून ते ऊस वाहतात. त्या भाड्यावर कर्जाचा हप्ता जातो. चार हंगाम येणारा चालक त्या वर्षी येणार नव्हता. त्याला दुसरीकडे बरी नोकरी लागली होती.

फराळ झाल्यावर अण्णांनी ट्रॅक्टरचे आणि ट्रॉल्यांचे नोंदणीचे कागद माझ्यापुढे ठेवले. वर पुतण्याचे लायसन ठेवले.

"एवढं बघ मास्तर," ते म्हणाले. "औंदा पोरालाच बसवावं म्हणतोय. लायसन पक्कं हाय त्याचं. कायद्यात बसतंय का न्हाई तेवढं सांग, म्हंजे रस्त्यात कुनी अडवलं तर बोलायला बरं."

पुतण्या दाराशी उभा होता. श्रावणात त्याला एकोणीस पुरी झाली होती. ट्रॅक्टरवर तो बसला म्हणजे आपला काका शेजारी उभा आहे हेही तो विसरतो, इतके त्याचे त्या यंत्रावर प्रेम. त्याच्या डोळ्यांतली उत्सुकता पाहून मी घाईने 'बसतंय' म्हणून टाकणार होतो. पण परीक्षेचे पेपर तपासून तपासून एक सवय लागली आहे. पूर्ण वाचल्याशिवाय गुण देववत नाहीत. "पुण्याला जाऊन नीट वाचतो आणि कळवतो," असे सांगून मी वेळ मारून नेली.

पुण्याला आल्यावर १९८८ चा तो कायदा मी उघडला. खोटे कशाला सांगू, पहिल्या काही पानांतच मी रमलो. कारण तिथे सगळ्या व्याख्याच आहेत, आणि व्याख्या म्हटल्या की मास्तर सुखावतो. ट्रॅक्टर म्हणजे काय? तर जे वाहन स्वतः ओझे वाहण्यासाठी बनवलेले नाही ते! आणि ट्रेलर म्हणजे ज्याला दुसऱ्या वाहनाने ओढायचे ते. त्याला यंत्र नाही, चालक नाही, पुष्कळदा स्वतःचा ब्रेकही नाही. तरीही 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येत ट्रेलरचा समावेश आहे. म्हणजे जिला मोटारच नाही, अशी ही मोटार! म्हणूनच ट्रॉलीची वेगळी नोंदणी करावी लागते, तिचा वेगळा नंबर असतो आणि तिने किती वजन घेऊन चालावे याचा तिचा स्वतःचा आकडा असतो. ट्रॅक्टरच्या पुण्याईवर तिला जगता येत नाही.

मी असा रमलेला असतानाच अण्णांचा फोन आला. तारीख होती ७ नोव्हेंबर. आदल्या दिवशी, ६ नोव्हेंबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हलक्या वाहनांच्या परवान्याबद्दल निकाल दिला होता, आणि तो वर्तमानपत्रांत आला होता.

"वाचलंस का?" अण्णांचा आवाज चढला होता. "साडेसात टनापत्तूर चालतंय म्हनं साध्या लायसनवर! कोर्टानंच सांगितलं. आता काय राह्यलं?"

राहिले होते ते मी त्या रात्री वहीत मांडून काढले. एकाच वाक्यात तीन प्रश्न लपलेले असावेत आणि आपण एकाच प्रश्नाचे उत्तर लिहून पेपर संपवावा, असे आमचे विद्यार्थी करतात. इथे तसेच झाले होते.

पहिला प्रश्न परवान्याचा. साडेसात हजार किलो हा आकडा खरा. पण तो दोन निरनिराळ्या वजनांना लावलेला आहे. मोटार, ट्रॅक्टर किंवा रोडरोलर असेल तर रिकाम्या वाहनाचे वजन पाहायचे. माल नेणारे वाहन असेल तर नोंदणीत मंजूर असलेले भरल्या वाहनाचे, मालासकट वजन पाहायचे. आमचा ट्रॅक्टर रिकामा दोन टनांच्या आसपास, म्हणून तो हलक्या वाहनांत सुखाने बसतो. नव्या निकालाने एवढेच सांगितले, की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलो मंजूर वजनापर्यंतचे मालवाहू वाहन चालवायला परवान्यावर वेगळी नोंद करून घ्यावी लागत नाही. २०१७ साली तीन न्यायमूर्तींनी जे म्हटले होते, ते घटनापीठाने कायम ठेवले. त्याच्याही आधी, २००१ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले होते की ट्रॅक्टरचा परवाना हा मागे ट्रॉली जोडल्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. इथवर अण्णांची बाजू बळकट होती.

दुसरा प्रश्न वयाचा. मोटार चालवायला अठरा वर्षे पुरतात. पण मालवाहू आणि प्रवासी वाहनांसाठी कायद्याने वीस वर्षांची अट घातली आहे. कारखान्याशी करार करून भाड्याने ऊस वाहायचा, म्हणजे ती मालवाहतूकच झाली. पुतण्याला वर्ष कमी पडत होते.

तिसरा प्रश्न ओझ्याचा, आणि परवान्याशी त्याचा काही संबंध नाही. उद्या पंचवीस वर्षांचा अनुभवी चालक बसवला तरी ट्रॉलीत तिच्या नोंदणीच्या आकड्यापेक्षा जास्त भरता येत नाही. अण्णांनी दिलेल्या कागदांत गेल्या हंगामातली काट्याची एक पावती होती. दोन ट्रॉल्या मिळून उसाचे निव्वळ वजन १८ टन ६०० किलो. नोंदणीचा आकडा याच्या पुष्कळ खाली होता. २०१९ च्या सुधारणेपासून जादा वजनाला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, आणि जादा माल जागेवर उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. गंमत अशी, की कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली भरलेली एकदा आणि रिकामी एकदा अशी दोनदा मोजली जाते, किलोकिलोचा हिशेब होतो. पण तो पैशांसाठी. तो आकडा नोंदणीच्या कागदाशेजारी ठेवून पाहणारे कोणी नसते.

हे सगळे वाचताना मला माझे वडील आठवत होते. आबांच्या वेळी ऊस बैलगाडीने जाई. गाडी भरून झाली की बैल जुंपण्यापूर्वी आबा जू हाताने उचलून बघत. मोळ्या मागे जास्त झाल्या तर गाडी 'उलाळ' होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला सापत्या आवळतात. पुढे जास्त झाल्या तर गाडी 'धुरजड'; सगळा भार मानेवर. आबा दोन मोळ्या मागे सरकवत, एक पुढे घेत. जू तळहातावर हलके तोलले गेले म्हणजेच बैल पुढे आणायचे. 'उलाळ' हा शब्द मी पुढे कोशात पाहिला. आधी तो आबांच्या तळहातावर पाहिला होता.

दोन चाकांच्या ट्रॉलीलाही हेच लागू आहे. भार मागे गेला की तिचा दांडा वर उचलू पाहतो, आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची जमिनीवरची पकड सुटते. भार फार पुढे आला की दांडा खाली दाबतो आणि ट्रॅक्टरची पुढची चाके उचलू लागतात. मग सुकाणू हातात असून नसल्यासारखे. आणि उतारावर तर ट्रॉली ओढली जात नाही, ती ढकलते. दोन टनांचा ट्रॅक्टर ब्रेक लावतो. मागचे वीस टन त्याचे का ऐकतील? ओढण्याचा जोर यंत्रात असतो, तो मोजून विकत मिळतो. थांबवण्याचा जोर किती, हे मात्र बाजारात कोणी विचारत नाही.

कायद्यातल्या आणखी एका गोष्टीने मला थांबवले. वय आणि परवाना नसलेल्या माणसाकडून वाहन चालवून घेणे किंवा त्याला ते चालवू देणे, याचीही मनाई कायद्याने मालकाला केली आहे. जादा वजनाच्या बाबतीतही तसेच. चालवणे, चालवायला लावणे, चालवू देणे. वर्गात प्रयोजक क्रियापद शिकवताना मी 'आई बाळाला भरवते' असले गोड दाखले देत आलो आहे. या क्रियापदाला जबाबदारी असते हे मी मुलांना कधी सांगितले नव्हते. अण्णा चालवायला लावणार होते. आणि कागद वाचून 'बसतंय' म्हणालो असतो, तर मी चालवू देणारा झालो असतो.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना फोन केला आणि सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते अगदी सावकाश म्हणाले, "कायदा तू सांगितलास, बरं केलंस. आता डायवरचा पगार कोन देनार तेबी कायद्यात बघ."

फोन बंद झाला. मला राग आला नाही, लाज वाटली. कारण माझे शिक्षण त्याच उसावर झाले होते. आबांच्या गाडीने माझी शाळेची फी ओढली आणि अण्णांच्या खांद्याने कॉलेजची. ते शाळा सोडून शेतात राहिले, म्हणून मी एम. ए. झालो. यंत्र नसलेले ते मोटार वाहन कोण, हे मला आता व्याख्येवाचून कळत होते. इतकी वर्षे मागून ओढला जाऊन मी पुण्याला पोहोचलो, आणि पोहोचल्यावर ओढणाऱ्याला नियम सांगत होतो.

रात्री जेवताना मी सौभाग्यवतीला हे सांगितले. त्या उन्हाळ्यात आम्ही तिघे काश्मीरला जाणार होतो. दोन वर्षे पैसे साठवले होते. मी भीत भीत म्हटले, "चालकाचा निम्मा पगार आपण दिला तर?"

तिने ताटावरून मान वर केली नाही. "जानेवारीतली रात्र आठवते का तुम्हांला?" एवढेच तिने विचारले.

न आठवायला काय झाले? त्याच वर्षी जानेवारीत आम्ही एका लग्नाहून रात्री परतत होतो. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला, आणि तो सरकला तेव्हा आमच्यापुढे रस्ता नव्हताच. उसाची काळी भिंत होती. आस मोडलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, लाल परावर्तक नाही. चार दगड आणि एक झाडाची फांदी तेवढी ठेवलेली. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी थांबली तेव्हा उसाची टोके आमच्या काचेला टेकली होती. मुलगी जागी होऊन म्हणाली, "बाबा, गाव आलं?"

"निम्मा कशाला," सौभाग्यवती म्हणाली, "सगळाच द्या. काश्मीर कुठं जात नाही."

अण्णा आधी पैसे घेईनात. मग मी सांगितले, की ही मदत नव्हे, फीची परतफेड आहे. तीही फार थोडी. तेव्हा कुठे ते हसले. शेजारच्या गावचा एक मुरलेला चालक त्यांनी ठेवला. मी दोनच गोष्टी मागितल्या. दोन्ही ट्रॉल्यांना मागे लाल परावर्तक लावायचे, आणि ओझे कमी करायचे. पहिली त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीवर बराच वाद झाला. खेप हलकी झाली की खेपा वाढतात, डिझेल वाढते, आणि हप्ता तर तेवढाच राहतो. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अखेर मागची ट्रॉली सोडून ते एकच नेऊ लागले, तिच्यातही मोळ्या कमी. वजन नोंदणीच्या आकड्याच्या अगदी आत आले का? प्रामाणिकपणे सांगायचे तर, नाही आले. पण आता काट्याची पावती आणि नोंदणीचा कागद अण्णांच्या फडताळात एकाच पिशवीत असतात, आणि फरक किती हे त्यांना माझ्याआधी ठाऊक असते.

पुतण्या महिनाभर माझ्याशी बोलला नाही. हंगामभर तो त्या चालकाशेजारी फिरला, मोळ्या रचायला शिकला, उतारावर ब्रेकवर विसंबायचे नाही, आधीच खालचा गिअर टाकायचा, हे शिकला. २०२५ च्या श्रावणात त्याला वीस पुरी झाली. त्या दिवशी त्याचा फोन आला.

"काका, आता तरी बसतंय का?"

"वयात बसतंय," मी म्हणालो. "वजनाचं तू सांग."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दिवाळीला या. हंगामाआधी ट्रॉली भरून दाखवतो. उलाळ झाली तर तुम्हीच सांगा."

आम्ही या दिवाळीला गावी जाणार आहोत. ट्रॉली उलाळ आहे की धुरजड, हे मला सांगता येईल अशी त्याची समजूत आहे. खरे म्हणजे मला फक्त शब्द येतात. तळहात अण्णांचा आहे. पोराने तो बघावा, एवढ्यासाठी मी जाणार आहे.