एकट्या प्रवाशाचे जुन्नर

आपल्याकडे प्रवास हा बहुधा चारचौघांचा असतो. यात्रा निघते ती आळीची, वऱ्हाड निघते ते कुळाचे, आणि काशी-रामेश्वर घडते तेही वडील मंडळींच्या संगतीने. बरोबर फराळाचे डबे असतात, सोवळ्याची पिशवी असते, आणि उतरावयाचे बिऱ्हाडही एखाद्या नातलगाचे किंवा ओळखीच्या उपाध्यायांचे असते. अशा प्रवासात सुख पुष्कळ. पण उणेपण एवढेच की, आपण घरातून खरे बाहेर पडतच नाही. घरच आपल्याबरोबर चालत असते. परके गाव परक्याला कसे वागविते हे कळावयाचे, तर त्या गावात एकट्यानेच शिरले पाहिजे.

त्यासाठी सिंगापूर किंवा इस्तंबूल गाठावयास हवे असे नाही. नगर-कल्याण मार्गावर, आळेफाटा आणि ओतूर यांच्या दरम्यान पिंपरी पेंढार हे गाव आहे. माळशेज घाटाकडे जाणाऱ्या मोटारी तेथून भरधाव निघून जातात. तेथे मी उतरलो, तेव्हा फाट्यावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "पाहुणे, कोणाकडे?" कोणाकडेच नाही, नुसते जुन्नर पाहावयास निघालो आहे, हे उत्तर त्यांस काही पटेना. "एकटेच?" ह्या त्यांच्या दुसऱ्या प्रश्नात कुतूहलापेक्षा कणव अधिक होती. मग त्यांनी बाकावर सरकून जागा दिली आणि एसटीची वेळ सांगितली.

पिंपरी पेंढाराच्या पश्चिमेस काही कोसांवर जुन्नर आहे. शिवनेरी ह्या एकाच नावाने आपण ते ओळखतो, आणि ते नाव इतके थोर आहे की, त्यापुढे तेथे आणखी काही पाहावे असे पुष्कळांस वाटतही नाही. परंतु हे गाव सुमारे दोन हजार वर्षांपासून नाना देशींच्या व नाना धर्मांच्या माणसांचे नांदते ठिकाण आहे. ह्याचे कारण नाणेघाट. सोपारा, कल्याण ह्या बंदरांतून घाटमाथ्यावर येणारा माल ह्या वाटेने चढे, आणि घाट चढून आलेल्या तांड्यांस पहिली मोठी पेठ लागे ती जुन्नरची. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे, आणि जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आजही तेथे उभा आहे.

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. त्यांतील शिलालेख वाचू लागले म्हणजे जुन्या गावाची जणू खानेसुमारीच समोर येते. बुरूड, कासार, धान्याचे व्यापारी ह्यांच्या श्रेणींची नावे तेथे आहेत. शक क्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याने शेहेचाळिसाव्या वर्षी मंडप आणि पोढी करविल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. आणि ह्याच लेण्यांत इरिल, चिट व चंद अशा तिघा यवनांचीही दाने आहेत. यवन म्हणजे त्या काळचे ग्रीक. चिटाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. इरिलाने दोन पोढ्या दिल्या. समुद्रापलीकडच्या कुळातला मनुष्य येथे येतो, येथल्या तहानेची सोय करितो, आणि गाव त्याचे नाव त्याच्या 'यवन' ह्या ओळखीसह खडकावर राहू देते, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि अनेक धर्मांची माणसे एका बाजारात उभी राहिली म्हणजे ते गाव मोठ्या मनाचे झाले, असे मात्र समजू नये. त्याची पारख एकट्या, अनाथ परक्यावर प्रसंग येतो तेव्हा होते. जुन्नरच्या इतिहासात असा एक प्रसंग त्या परक्यानेच लिहून ठेविला आहे.

रशियातील त्वेर नगरीचा अफानासी निकितिन हा व्यापारी 1470 च्या सुमारास जुन्नरास आला. व्होल्गेच्या वाटेवर तातारांनी त्यास लुटले होते. पुढे इराणातून होर्मुझ बंदर गाठून, एक घोडा बरोबर घेऊन तो चौलास उतरला. वास्को द गामा कालिकतास आला तो 1498 साली. हा त्याच्या पाव शतकाहून अधिक आधी आला. गोरा मनुष्य पाहून लोक त्याच्यामागून चालत, असे त्याने लिहिले आहे. चौलाहून पालीमार्गे जुन्नरास पोहोचावयास त्यास साडेतीन आठवडे लागले. त्या घोड्यापायी आपले शंभर रूबल खर्ची पडले, असे तो सांगतो. त्याचे सारे भांडवल त्या एका जनावरात होते.

त्या वेळी हा मुलूख बहामनी राज्यात होता. राज्याचा वजीर महमूद गावान हा स्वतः इराणातील गिलानचा, आणि त्याचा असदखान नावाचा सरदार जुन्नरचा अंमलदार होता. पावसाळा लागला होता. चार महिने जिकडे तिकडे पाणी आणि चिखल, असे निकितिन लिहितो. परदेशी व्यापाऱ्यांसाठी धर्मशाळा होत्या, आणि तेथल्या यजमानिणी त्यांस अन्न शिजवून देत. घोड्यांस हरभरे आणि साखर-तेल घातलेली खिचडी चारीत, ही नोंदही त्याने मोठ्या अगत्याने केली आहे.

ह्या गावी तो दोन महिने राहिला, आणि येथेच त्याच्यावर संकट कोसळले. खानाने त्याचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नव्हे असे कळताच खानाने निरोप धाडिला की, आमचा धर्म स्वीकारशील तर घोडाही देईन आणि हजार मोहराही देईन. न स्वीकारशील तर घोडा जाईलच, वर हजार मोहरांचा दंड बसेल. मुदत चार दिवसांची. ह्या परमुलखात त्या बिचाऱ्यास ना भाऊबंद, ना स्वधर्मीय, ना राजाश्रय. धर्मग्रंथ वाटेतच लुटले गेल्यामुळे आपले सण केव्हा येतात हेही त्यास धड कळत नव्हते.

मुदत संपत आली असता खोरासानचा महंमद नावाचा एक प्रतिष्ठित गृहस्थ गावात आला. निकितिनाने त्याच्यापाशी आपले गाऱ्हाणे सांगितले. हा महंमद खानाच्याच धर्माचा. एका ख्रिस्ती सौदागराशी त्याचे देणे-घेणे काय? पण तो खानाकडे गेला, रदबदली केली, धर्मांतराची सक्ती टाळली आणि घोडाही परत मिळवून आणिला. जुलूम आणि सुटका ही दोन्ही एकाच गावात, एकाच धर्माच्या दोन माणसांकडून घडली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे बिदरास त्याने तो घोडा विकला. तेथील हिंदूंस आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहो असे त्याने खरे सांगितले, तेव्हा त्यांनी आपले खाणेपिणे, व्यापार, पूजाअर्चा काहीच त्याच्यापासून लपविले नाही. शिवरात्रीस तो त्यांच्याबरोबर श्रीशैलास जाऊनही आला. दाभोळाहून परतीस निघालेला हा प्रवासी आपल्या गावी मात्र पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याने देह ठेविला. त्याची टिपणे 1475 साली मॉस्कोस पोहोचली. हिंदुस्थानात यावयाचे तर आपला धर्म मायदेशी ठेवून यावे, असा खिन्न इशारा त्याने त्यांत आपल्या देशबांधवांस दिला आहे. जुन्नरचा घाव त्याच्या मनातून गेला नव्हता.

हे मनात ठेवून आज जुन्नरात हिंडावे. कुकडीपलीकडे लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेले की, गिरिजात्मजाचे दर्शन घडते ते एका बौद्ध विहारात; शेजारच्या लेण्यात स्तूप आहे. शिवनेरीवर शिवाईदेवी आहे, जवळच कड्यात बौद्ध लेणी आहेत, वर कमानी मशीद आहे, आणि 1630 साली शिवछत्रपती जन्मले ती जागाही तेथेच आहे. गावाबाहेर हापूसबागेत सौदागर घुमट आहे. आत निजलेल्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले नाही, सौदागर एवढीच त्याची ओळख. हबशी देशातून गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबराने निजामशाही सावरली, तेव्हा जुन्नर काही काळ त्या राज्याची राजधानी होते. एके काळी येथला हातकागद प्रसिद्ध होता. तो करणारे कागदी मुसलमान होते, आणि त्यावर बोरू चालविणारे बहुधा आपल्याच घरांतले कारकून.

संघाबरोबर आलेला मनुष्य ह्यांतले आपल्या धर्माचे तेवढे पाहून परततो. एकट्यास मात्र प्रत्येक वळणावर कोणास तरी वाट विचारावी लागते, पाणी मागावे लागते. आणि मागताना समोरचा कोण हे निवडण्याची सोय नसते. म्हणूनच घरातला मुलगा किंवा मुलगी एकट्याने कोठे जाऊ म्हणेल, तर वडीलधाऱ्यांनी काळजी अवश्य करावी, चार सूचना द्याव्या, पण वाट अडवू नये. परक्याच्या दारी उभे राहिल्यावाचून आपल्या दारी आलेल्या परक्याचे मन कळत नाही.

आणि येथे आपल्यालाही एक प्रश्न विचारून घ्यावा लागतो. अतिथीस देव मानणारी आपली घरे. तरीही उंबऱ्याशी अनोळखी मनुष्य उभा राहिला असता आपण आधी आडनाव विचारतो आणि मग त्यावरून पाण्याचे भांडे कोणते ते ठरवितो, असे आपल्या कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्या चालले. पोढी खोदविणाऱ्या इरिलाने पिणाऱ्याची जात विचारली असती, तर त्याचे नाव खडकावर राहिले असते, पण पाणी वाया गेले असते.