गाठ आणि कान

"गाठ वाढलेली नाही." दर वर्षी एमआरआय झाला की आमच्याकडे या वाक्याची वाट बघतात. गेली नऊ वर्षं ते ऐकायला मिळतंय. तरी ताईचा फोन डाव्या कानावरून उजव्या कानावर गेला, त्यालाही आता चार वर्षं झाली.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. तिला एनएफ-२ आहे. बाविसाव्या गुणसूत्रावरचं एक जनुक बिघडतं, पेशींच्या वाढीला लगाम घालणारं मर्लिन नावाचं प्रथिन नीट बनत नाही आणि बहुधा दोन्ही कानांच्या नसांवर गाठी येतात. हे जनुक १९९३ साली सापडलं. जवळपास निम्म्या रुग्णांच्या आईवडिलांना हा आजार नसतो. मावशी-काकांनाही नाही. पुढे मात्र प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत.

डाव्या गाठीवर गॅमा नाइफ केलं. नावात सुरी असली तरी कापाकापी नाही. कोबाल्टचे बारीक किरण अनेक दिशांनी येऊन एका जागी मिळतात. स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यांचं पहिलं यंत्र १९६८चं. यात गाठ काढली जात नाही, तिची वाढ थांबवायची असते. यश मोजतात ते गाठीवरून. ऐकण्याचा हिशेब वेगळा, आणि तो वर्षागणिक खाली येत जातो.

एकाच कानाला, आनुवंशिक नसलेली गाठ असेल तर दहा वर्षांनीही नव्वद टक्क्यांहून जास्त गाठी आवरलेल्या दिसतात. एनएफ-२मध्ये आकडे इतके चांगले नाहीत. शिवाय हे रुग्ण तरुण असतात. किरणांमुळे गाठ कर्करोगी होण्याचा धोका अगदी थोडा, पण पुढे चाळीस वर्षं जगायचं असेल तर तोही धरावा लागतो. पाच वर्षांचा निकाल त्यांना कसा पुरणार?

म्हणून उजव्या गाठीला डॉक्टर आणि ताई दोघांनीही तूर्त हात लावायचा नाही असं ठरवलंय. काहींना बेव्हॅसिझुमॅबने फायदा होतो, तो पर्याय राखून ठेवलाय.

मधल्या काळात ताई ओठ वाचायला शिकतेय. मी म्हटलं, "आत्ता ऐकू येतंय ना, मग घाई कसली?"

"ऐकू येतंय तोवरच शिकायचं रे. चुकलं की कळतं तरी!"

कुणाच्या घरी असा निर्णय घ्यायचा असेल तर डॉक्टरांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. गाठीचं काय होईल, आणि कानाचं काय होईल? उत्तरं एकच नसतात.