सिनेमा बघितलाय, आता पुस्तक कशाला?

कोथरूड, पुणे
रविवार, दुपार

प्रिय ऋता,



तुझा मेसेज मावशीने तीनदा वाचला. ‘शाळा’ बघितला, मस्त आहे, आता पुस्तक नाही वाचलं तरी चालेल ना? एवढ्याशा प्रश्नाला मोबाइलवर अंगठा दाखवून मोकळं होता आलं असतं. पण मावशीचं तेवढ्यावर भागत नाही, हे तुला आणि तुझ्या आईला चांगलं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस.

‘शाळा’ आला जानेवारी २०१२ मध्ये. मावशीने तो इथेच, कोथरूडच्या सिटी प्राइडला पाहिला, काकांना जवळजवळ ओढत नेऊन. मिलिंद बोकीलांची कादंबरी २००४ची. तोवर मावशीची दोनदा वाचून झाली होती. आणीबाणीचे दिवस, नववीतला मुकुंद जोशी, सुऱ्या, चित्रे, फावड्या ही त्याची टोळी, आणि शिरोडकर. सुजय डहाकेचा पहिलाच चित्रपट. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि कादंबरीवरून पटकथा बेतल्याबद्दल अविनाश देशपांडे निगडी यांनाही. म्हणजे काम चोखच झालं होतं. मावशीची तक्रार त्याबद्दल नाही.

तक्रार एका मुलीबद्दल आहे.

मावशीच्या डोक्यातली शिरोडकर तिच्या स्वतःच्या वर्गातली होती. दुसऱ्या बाकावर बसायची, गणिताच्या तासाला वेणीचं टोक चावायची, आणि हाक मारली की आधी मान वळायची, मग डोळे. पुस्तकात यातलं काही नाही. मावशीने ती परस्पर तिथे नेऊन बसवली होती, बोकीलांना न विचारता. थिएटरात अंधार झाला, केतकी माटेगावकर आली, छान दिसली, काम छान केलं आणि त्या वेणीवालीचं नाव पटावरून कमी झालं. घरी येऊन कादंबरी उघडली तर पानापानावर केतकी. मावशी चांगली आठवडाभर चिडलेली होती. काका म्हणाले, तिकिटाचे पैसे देऊन वर भांडण विकत घेतलंस!

आणि मुकुंद. पुस्तकभर तो बोलत असतो. तोंडाने जेवढं बोलतो त्याच्या दसपट मनातल्या मनात. पडद्यावर अंशुमन जोशी गप्प उभा राहतो, आणि ते गप्प उभं राहणं अगदी खरं वाटतं. पण पुस्तकात अशाच जागी मावशीची हसून हसून मुरकुंडी वळली होती. तू सिनेमा पाहिलास म्हणजे मुकुंदला बाहेरून भेटलीस. आत काय चाललंय ते अजून तुला कुठे माहीत आहे?

यावरून मावशीला पुस्तकवाल्यांच्या कळपात ढकलू नकोस. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या तेंडुलकरांनी एका पटकथेत बसवल्या आणि जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये ‘सिंहासन’ केला. खरं सांगायचं तर मावशीला तो कादंबऱ्यांपेक्षा घट्ट वाटतो. निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस बहुतेक वेळ नुसता बघत असतो, आणि तो बघतोय म्हणून आपण बघतो. तिथे मावशीच्या डोक्यातलं कुणी हुसकावलं गेलं नाही. मंत्रालयातली माणसं तिने आधी कुठे पाहिली होती!

आता जरा कोथरूडच्या बाहेर ये. नळ स्टॉपवरून लॉ कॉलेज रस्त्याला वळलं की फिल्म इन्स्टिट्यूट लागते, ती प्रभातच्या जुन्या स्टुडिओत. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली आणि १९३७ मध्ये इथे शांतारामबापूंनी ‘कुंकू’ केला. मूळ कादंबरी ना. ह. आपट्यांची ‘न पटणारी गोष्ट’, पटकथाही त्यांचीच. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात फसवून बांधलेली नीरा त्याला नवरा मानायलाच तयार नाही. शांता आपटे आणि केशवराव दाते. शांतारामबापूंनी या चित्रपटात पार्श्वसंगीतच ठेवलं नाही. ऐकू येतात ते घरातले आवाज. भिंतीवरचं जुनं घड्याळ टकटक करतं, आणि नवऱ्याचं वय कुणी बोलून दाखवायची गरजच उरत नाही. लिहिताना त्यासाठी वाक्यं लागली असती. आज ना. ह. आपटे वाचणारा माणूस आख्ख्या कोथरूडात शोधून सापडायचा नाही, पण नीरा आहे. इथे सिनेमाने पुस्तकाला पाठुंगळी घेतलंय.

चेहऱ्याच्या बाबतीत तुझ्या आजीचं मावशीच्या उलट झालं होतं. अत्र्यांचा ‘श्यामची आई’ १९५३चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. तो पाहिल्यावर पुस्तकातली आई तिला जन्मभर वनमालाबाईंच्याच तोंडवळ्याची दिसली, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट बरंच वाटायचं! मावशीला मात्र त्या पुस्तकात आईइतकाच सांगणारा महत्त्वाचा वाटतो. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. आई गेलेली आहे, म्हणून पोहायला शिकण्यासारख्या साध्या गोष्टीतही घसा दाटतो. २०२३ मध्ये डहाकेनेच ‘श्यामची आई’ पुन्हा केला, कृष्णधवल, आणि त्यात ओम भूतकरच्या रूपाने मोठेपणचे गुरुजी आणले. सांगणारा माणूस पडद्यावर दिसला तेव्हा मावशीने काकांचा हात दाबला. काका पॉपकॉर्न खात होते.

एक गंमत सांगायची राहिली. कॉलेजात असताना मावशीने एका वाचनालयातून ‘बनगरवाडी’ आणली. माडगूळकरांचं छोटंसं पुस्तक, १९५५चं. शेवटची आठ-दहा पानं कुणीतरी फाडून नेलेली. माणदेशातली मेंढपाळांची वाडी, तिथे आलेला कोवळा मास्तर, गावाने घाम गाळून उभी केलेली तालीम, मग दुष्काळ... आणि पुढे पुठ्ठा! बदली प्रत मागितली तर काउंटरवरच्या गृहस्थांनी मावशीकडेच संशयाने पाहिलं. पुढे अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये चित्रपट केला, तेव्हा कुठे शेवट कळला. ओसाड वाडी पडद्यावर एका नजरेत दिसली, पोटात कालवलं. नंतर धड प्रत मिळाल्यावर ती पानं वाचली. तिथे वाडी एका नजरेत रिकामी होत नाही. एकेक माणूस उणं होत जातं आणि मास्तर ते साध्या, कोरड्या वाक्यांत सांगत राहतो. शेवट आधीच माहीत असूनही मावशी त्या रात्री जेवली नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं. काकांचे एक मित्र गुरुवारी बेंगळुरूला येताहेत, त्यांच्याबरोबर ‘शाळा’ पाठवते आहे. मावशीचीच प्रत आहे, परत हवी. मध्ये एक पान दुमडलंय, ते तसंच राहू दे. पहिली चाळीस-पन्नास पानं तुला केतकीच दिसेल, तेवढं सोस. मावशीला तिसऱ्या वाचनात तेवढीच पानं लागली होती. मग एका ओळीवर वेणीचं टोक चावणारी ती हळूच परत येऊन बाकावर बसली. तुझ्या वर्गातली कोण येते ते कळव. नाव नको, नुसती कशी होती ते लिही.

आईला म्हणावं, लिंबाच्या लोणच्याची बरणी रिकामी झालीय.

तुझी
मावशी