एका वर्षाचं ऑफिस

अमेरिकेचा एल-१ व्हिसा १९७० सालचा. कंपनीने आपलाच माणूस आपल्याच तिथल्या शाखेत न्यावा, एवढा साधा हेतू. गेल्या ३ वर्षांत सलग १ वर्ष त्याने मूळ कंपनीत काम केलेलं हवं; एच-१बीसारखी संख्येची मर्यादा नाही, लॉटरी नाही. शाखा नवी असली की मात्र घोडं अडतं. आधी जागा घेतल्याचा पुरावा द्यायचा, आणि मुदत मिळते फक्त १ वर्ष. (जागामालक करार बहुधा त्याहून मोठा मागतो, ते वेगळंच.) वाढीव मुदतीचा अर्ज वर्ष संपायच्या आत करायचा, म्हणजे हाती दहा-अकरा महिनेच. तेव्हा तपासतात, मॅनेजर म्हणून आणलेला माणूस खरोखर मॅनेजर झाला का. पुण्याहून गेलेल्या माणसाचे पहिले महिने डोळ्यांपुढे आणा: बँक खातं, विमा, पहिलं गिऱ्हाईक, बिलंही तोच करणार, खुर्च्याही तोच मांडणार. नियमाला नेमकं हेच खुपतं.

कोणी म्हणेल, या नियमात ढिलाई दिली तर नुसत्या पाटीवर कंपन्या उभ्या राहतील. भीती खोटी नाही. पण एल-१बीवर, म्हणजे विशेष ज्ञान असलेल्या कर्मचाऱ्यांसाठीच्या एल-१वर, आणलेली माणसं गिऱ्हाइकाच्या ऑफिसात, त्याच्याच हुकमतीखाली बसवली जाऊ लागली, तेव्हा २००४च्या कायद्याने नेमक्या त्या दुखण्यावर इलाज केला. सगळ्यांची मुदत छाटली नाही. इथेही वर्षाअखेर पगारपत्रकं, कराची कागदपत्रं मागवावीत, पण मॅनेजरपणाची परीक्षा दुसऱ्या वर्षी घ्यावी. चालू शाखेत जाणाऱ्याला पहिल्याच फटक्यात ३ वर्षांपर्यंत मुदत मिळते, आणि त्याला तर खुर्च्याही मांडाव्या लागत नाहीत.