विषय : गट ग्रामपंचायतीतून वेगळे होणेबाबत

24 नोव्हेंबर 2022, गुरुवार

तहसीलसमोरच्या माझ्या टेबलाशी आज गावचीच चौघं येऊन बसली. एरवी गावचा माणूस आला की काम ठरलेलं, उत्पन्नाचा दाखला नाहीतर वारसनोंद. आज म्हणाले, "आप्पा, अर्ज लिखा. आपली ग्रामपंचायत येगळी करनी शे."

पाचोऱ्यात अर्ज लिहिण्यात माझी बावीस वर्षं गेली. स्वतःच्या गावाचा अर्ज लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

चौघांतल्या सर्वांत तरुण पोराच्या हातात पेपर होता. जतच्या 40 गावांवर कर्नाटकचे मुख्यमंत्री बोम्मई हक्क सांगतायत, ही बातमी. पाण्यासाठी त्या गावांनी 2012 साली ठराव केला होता म्हणे. पोरगं म्हणालं, "पाहा आप्पा, दहा वर्षांनी का होईना, ठरावाले मुंबई हालली." त्याला कर्नाटकाशी घेणंदेणं नाही. ठरावाचा धाक तेवढा त्याला बरोबर कळलाय.

'विषय' लिहून झाला. 'कारण' या शब्दापुढे पेन अडलं. चौघांनी चार कारणं सांगितली, त्यातली दोन एकमेकांच्या उलटी.

25 नोव्हेंबर

अर्जात लावायचं नाही असं, फक्त माझ्यासाठी. आम्ही दोन गावं मिळून एक ग्रामपंचायत. सदस्य 11, त्यातले 8 त्यांचे, 3 आमचे. कार्यालय त्यांच्याकडे, रेशनचं गोदाम त्यांच्याकडे, गिरणाकाठची विहीर त्यांच्या शिवारात. पूर्वी सदस्यच सरपंच निवडायचे, तेव्हा जोडतोड करून आमचा माणूस एकदा खुर्चीवर बसलाही होता. आता जुलैपासून पुन्हा थेट सरपंच. मतांचा हिशेब पहिलीतलं पोरही सांगेल.

2 डिसेंबर, शुक्रवार

आता सुरगाणा. नाशिक जिल्ह्यातली सीमेवरची गावं म्हणतायत, आम्हाला गुजरातेत घाला. रस्ता नाही, पाणी नाही, दवाखाना नाही. चहाच्या टपरीवर दोन तट पडले. एक जण म्हणाला, ही फितुरी. दुसऱ्यानं विचारलं, बाळंतिणीला झोळीत घालून नेताना राज्य कोणतं ते बघतात का?

मला वाटतं, तिथं कुणाला गुजरातीचा पुळका आलेला नसणार. घरात कुणी ऐकेना की माणूस ओट्यावर येऊन मोठ्यानं बोलतो, शेजाऱ्याला ऐकू जाईल असं.

9 डिसेंबर

अर्जाला गावाची पूर्वपीठिका जोडा, असं पोरांचं म्हणणं. म्हणून पत्र्याची पेटी उघडली. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला, घडीवर फाटलेला. शाईनं लिहिलंय : ता. पाचोरा, जि. पूर्व खानदेश. शाई तपकिरी पडलीय, पण 'पूर्व' मधला रफार अजून ठसठशीत.

1906 साली इंग्रजांनी खानदेशाचे दोन तुकडे केले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळं. महाराष्ट्र झाल्यावर जिल्ह्यांच्या नावातून खानदेश हा शब्दच गेला. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार निघालं. त्याआधी 1990 मध्ये इथली कॉलेजं पुणे विद्यापीठातून सुटून जळगावच्या विद्यापीठात आली. तेव्हा आमच्या भागातल्या कुणीही हळहळ केली नव्हती. मार्कशीटमधली चूक दुरुस्त करायला रात्रीच्या गाडीनं पुण्याला जायचं ज्यानं भोगलंय, तो कशाला रडेल? म्हणजे वेगळं होणं वाईटच, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

18 डिसेंबर, रविवार

आज राज्यात 7,751 ग्रामपंचायतींचं मतदान. आमची मुदत अजून आहे, त्यामुळे गाव शांत. ही संधी साधून पाणी सोडणाऱ्या माणसाबरोबर विहिरीवर गेलो. तो आमच्याच गावचा.

पहाटे साडेचारची थंडी. त्यानं कानटोपीवर मफलर बांधलेला, हातात लोखंडी चावी, टी आकाराची. गिरणेचं पात्र कोरडं होतं. धरणातून आवर्तन सुटलं की विहीर भरते, नाही सुटलं की तळ दिसतो. मोटार सुरू झाली. तो व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरला आणि आटे मोजू लागला. एकतीस आटे सोडले की पाणी आमच्या टाकीकडे वळतं. एकतिसाव्याला त्यानं चावीवर तळवा ठेवला, पाईप थरथरतोय का ते पाहिलं, मग वर आला. म्हणाला, "आयकू येतं हाताले."

मी विचारलं, त्यांच्या गावाला किती दिवसांनी सोडतोस?

"चौथ्या दिवशी."

आणि आपल्याला?

"चौथ्या दिवशीच. कोनी काय सांगं तुमले?"

आमच्या गावात शेंबडं पोरही सांगतं, त्यांना दिवसाआड, आम्हाला चौथ्या दिवशी. मीही सांगत आलो. अर्जाच्या मसुद्यात मुद्दा क्रमांक 1 तोच होता. घरी येऊन खोडला.

दिवाबत्तीचं मात्र खरं निघालं. ग्रामसेवकांकडे बसून वह्या चाळल्या. नमुना 8 ला आमच्या घरांची आकारणी, नमुना 9 ला मागणी, दिवाबत्ती कर दरवर्षी लागलेला. गावात खांब सतरा, जळणारे दिवे पाच. हा मुद्दा आता क्रमांक 1.

27 डिसेंबर, मंगळवार

नागपूरला विधिमंडळानं सीमाभागाचा ठराव एकमतानं केला. बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकी आणि 865 गावं. आम्ही मळ्यात भरताला जमलो होतो. वांगी काट्यांवर भाजलेली, हिरवी मिरची, कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. मोबाइलवर बातमी आली तेव्हा एक जण बोट चाटत म्हणाला, "त्यासले एकमत जमनं. आपले पंधरा टक्के मानसं जमत नही." ग्रामसभेचा कोरम तेवढाच, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो कमी तो. तोही भरत नाही.

भरतावर राजकारण पचतं. कापसाचा विषय निघाला तेव्हा सगळे गप्प झाले. भाव वाढेल म्हणून प्रत्येकाच्या घरात कापूस पडून आहे, अंगाला खाज सुटलीय, आणि गेल्या वर्षीचा भाव काही येत नाही.

12 जानेवारी 2023

ग्रामसेवकांनी आज कागद वाचून दाखवला. स्वतंत्र ग्रामपंचायतीला लोकसंख्या सर्वसाधारणपणे 2000 हवी. आदिवासी भाग, तांडे यांना सवलत आहे, आम्ही त्यात बसत नाही. 2011 च्या जनगणनेत आम्ही बाराशेच्या आत. शिवाय जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीचा विचार घ्यायचा, आणि ज्या ग्रामपंचायतीतून निघायचं तिचाही. म्हणजे ज्यांच्याशी भांडण, त्यांनाच विचारायचं की आम्ही जाऊ का.

पोरगं हिरमुसलं. ग्रामसेवक भला माणूस, त्यानं हिशेबही मांडला. वित्त आयोगाचा पैसा मुख्यतः लोकसंख्येवर येतो, तुमचा वाटा तुम्हाला मिळेल. पण शिपाई तुमचा, ऑपरेटर तुमचा, कार्यालय तुमचं. विहीर मात्र त्यांची. "येगळा व्हई जाशात, पन पानी कथाईन लयशात?" हे शेवटचं कोपऱ्यातला शिपाई बोलला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

26 जानेवारी, गुरुवार

झेंडावंदन, मग ग्रामसभा, त्यांच्या गावच्या शाळेच्या पटांगणात. आमच्या गावच्या बायका दोन ट्रॅक्टर भरून गेल्या, तेव्हा कुठे कोरम भरला. विभाजनाचा विषय निघताच गोंगाट झाला. त्यांचा एक म्हातारा म्हणाला, जा ना, कोण धरून ठेवतंय? आमचा एक म्हणाला, जाणारच. दोघं साडू आहेत.

मग आमच्यातली एक बाई उठली. आशा म्हणून काम करते, आवाज खणखणीत. म्हणाली, "वेगळं नंतर करा. सभा आधी एकदा आमच्या गावात भरवा. आमचे अंधारे खांब तरी बघा."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. सरपंच म्हणाले, 1 मेची सभा तुमच्या पारावर. इतिवृत्तात घेतलं. मी वाकून पाहिलं, खरंच लिहिलं होतं. विभाजनाचा विषय पुढील सभेत ठेवावा, असंही लिहिलं. अर्धवट ठरावांची भाषा मला पाठ आहे. 'पुढील सभा' म्हणजे कुठली ते त्यात कधीच नसतं.

3 फेब्रुवारी

सतरापैकी अकरा दिवे लागले. बाकीच्या सहांना होल्डर नाहीत म्हणे.

दुपारी तो पोरगा टेबलाशी आला. उत्पन्नाचा दाखला हवा होता, बहिणीच्या प्रवेशासाठी. अर्ज लिहून दिला, तिकीट लावलं, पैसे घेतले नाहीत. काचेखाली ठेवलेला ग्रामपंचायतीचा मसुदा त्याला दिसला. पहिला मुद्दा खोडलेला, तिसऱ्यावर चहाचा डाग.

जाताना वळून म्हणाला, "तो कागद ऱ्हाऊ द्या, आप्पा. फाडू नका."